चीन जगाच्या विकासाचे नियम बदलतोय का? बदलतोय, पण तुम्ही बघताय तिथे नाही

प्रश्न असा आलाय: "चीनने एआयआयबी काढली, बेल्ट अँड रोड काढला, मग विकासाच्या जागतिक कारभाराची सूत्रं आता चीनच्या हातात जाणार का? आणि भारत एआयआयबीत आहे पण बेल्ट अँड रोडमध्ये नाही, हा दुटप्पीपणा नाही का?" (एआयआयबी म्हणजे एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँक, चीनच्या पुढाकाराने निघालेली अनेक देशांची बँक; बेल्ट अँड रोड म्हणजे देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं बांधायची चीनची योजना.) विचारणारी यूपीएससी करतेय असं तिनेच लिहिलंय. म्हणून उत्तर जरा लांबणार, आणि क्लासच्या नोट्ससारखं मुद्दा एक ते दहा असं मला लिहिता येत नाही, तेवढं चालवून घ्या.

माझं थोडक्यात: पंचवीसेक वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवात मुंबईत पुनर्वसनाच्या सर्व्हेपासून, मग मल्टीलॅटरल, म्हणजे अनेक देशांनी मिळून चालवलेल्या, बँकांच्या प्रोजेक्टवर कन्सल्टंट, मधली सात-आठ वर्षं पूर्व आफ्रिकेत कर्जाचे करार आणि टेंडरची कागदपत्रं वाचत गेली. म्हणजे मी काही परराष्ट्र धोरणाचा विद्वान नाही, फायली वाचणारा माणूस आहे, आणि फायलींतून जे दिसलं ते टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा बरंच वेगळं आहे.

एका वाक्यात उत्तर हवं असेल तर हे घ्या. नवी बँक काढून चीनने फारसे नियम बदललेले नाहीत, जुनेच उतरवून घेतलेत. बदल झालाय तो दोन ठिकाणी, एक म्हणजे बंद पाकिटातल्या कर्जकरारात आणि दुसरं म्हणजे कर्ज थकल्यावर जी बैठक बसते तिथे.

आता हे पटायला आधी मुंबईत फिरू. लोकलचे एमयूटीपीचे (मुंबई अर्बन ट्रान्सपोर्ट प्रोजेक्ट) आधीचे टप्पे, म्हणजे २००२ चा पहिला आणि २०१० चा टू-ए, वर्ल्ड बँकेच्या कर्जावर. तिसऱ्या टप्प्याला, ज्यात पनवेल-कर्जत आणि विरार-डहाणूची कामं आहेत, एआयआयबीचे ५० कोटी डॉलर, करार ऑगस्ट २०२० चा. मेट्रो दोन आणि सातच्या गाड्यांसाठी मनिलाच्या एडीबीचे (एशियन डेव्हलपमेंट बँक) ९२.६ कोटी डॉलर, त्याच लाइनींसाठी ब्रिक्सवाल्यांच्या, शांघायच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचे २६ कोटी. मेट्रो तीनला जपान सरकारची मदतसंस्था जायका. म्हणजे तुम्ही दहिसरहून सातने गुंदवलीला उतरलात, एक पकडून मरोळ नाक्याला आलात आणि तीनने कफ परेडला गेलात की एका सकाळी मनिला, शांघाय आणि टोकियो तिन्हीकडच्या पैशावर बसून प्रवास झाला. फरक जाणवला का? नाही जाणवत, आणि जाणवणारही नाही, कारण या सगळ्यांच्या फायलींचा साचा जवळपास एकच आहे. पर्यावरणाचा अहवाल, पुनर्वसन आराखडा, टेंडरचे नियम, तक्रार निवारण, तेच प्रकरण पुढेमागे.

हा साचा आला कुठून, हे मात्र आपल्याकडच्या मुलांना कुणी शिकवत नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो. तो वॉशिंग्टनच्या कुठल्या शहाण्याला सुचलेला नाही. मोठा वाटा नर्मदेच्या खोऱ्याचा आहे. १९८५ साली वर्ल्ड बँकेने सरदार सरोवरला ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. माणसं किती बुडणार, त्यांना जमीन कुठे मिळणार याचा नीट हिशोब नव्हता. मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं गाव, महाराष्ट्राच्या बाजूचं सगळ्यात आधी पाण्याखाली जाणाऱ्यांपैकी. मेधा पाटकर आणि आंदोलनाच्या रेट्याने बँकेला स्वतःच्याच प्रोजेक्टची बाहेरच्या लोकांकडून चौकशी करून घ्यावी लागली, ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल १९९२ ला आला, तो बँकेला चांगलाच झोंबला, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज आम्ही घेत नाही म्हणून कळवलं. त्याच सप्टेंबरात बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं, म्हणजे प्रकल्पग्रस्ताला थेट बँकेविरुद्ध तक्रार करायची सोय. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी बँकेला उद्देशून जाहीरनामा काढला त्याचं नावच मणिबेली जाहीरनामा. जागतिक विकासाचा कारभार म्हणतात ना, त्यातला एक मोठा नियम अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलाय.

आणि तो नियम पुढे मुंबईतच वापरला गेला. एमयूटीपीत पुनर्वसन अठरा-वीस हजार कुटुंबांचं होतं. कुर्ल्याचे दुकानदार आणि इतर काही रहिवासी २००४ मध्ये पॅनेलकडे गेले, पॅनेलने चौकशी केली, आणि १ मार्च २००६ पासून बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे थांबवले. जूनमध्ये अटी घालून परत सुरू केले. सरकारी माणसांना घाम फुटतो तो अशा वेळी, पेपरात बातमी आल्यावर नाही.

मी त्या सुमाराला दुसऱ्याच एका रस्त्याच्या कामावर फॉर्म भरून घ्यायचो. घरटी एक फॉर्म, टेपने मोजमाप, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, कट-ऑफ तारखेच्या आधीचा पुरावा. एका मावशींनी लाइट बिल काचेच्या फ्रेममध्ये घालून देवांच्या फोटोशेजारी लावलं होतं. मी म्हटलं, मावशी हे काय, तर म्हणाल्या, "अरे, घर पाडायला आले की हाच माझा सातबारा." आता त्या फॉर्मचा नमुना ज्या मॅन्युअलमधून आला त्याचा उगम परत नर्मदेशी जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त रोजचे चाळीस फॉर्म माहीत होते.

हे सगळं सांगायचं कारण असं की २०१३ च्या ऑक्टोबरात शी जिनपिंग यांनी इंडोनेशियात नव्या बँकेची घोषणा केली तेव्हा आमच्या लायनीत सगळ्यांना हीच भीती होती की आता हा साचा मोडणार, वर्ल्ड बँकेच्या कटकटीला कंटाळलेली सरकारं तिकडे पळणार. झालं उलटं. बँक उघडली १६ जानेवारी २०१६ ला, ५७ संस्थापक सदस्य, १०० अब्ज डॉलर भांडवल. अमेरिकेची नाराजी असून २०१५ च्या मार्चमध्ये ब्रिटन घुसलं आणि मग जर्मनी, फ्रान्स, इटली सगळेच, आज सदस्य ११० च्या घरात, अमेरिका आणि जपान बाहेरच. पहिले अध्यक्ष जिन लीचुन, जे आधी एडीबीत उपाध्यक्ष होते. जून २०१६ ला पहिली चार कर्जं मंजूर झाली, सगळी मिळून ५१ कोटी डॉलरच्या आत, आणि त्यातली तीन वर्ल्ड बँक, एडीबी असल्या जुन्या मंडळींबरोबर भागीदारीत. म्हणजे नव्या दुकानदाराने पहिल्या दिवशी शेजारच्याचाच माल ठेवला. यात लबाडी नव्हती, गरज होती. बाजारातून स्वस्तात पैसा उचलायचा तर ट्रिपल ए रेटिंग, म्हणजे पत सगळ्यात वरची, पाहिजे, ते पाहिजे तर लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांना ओळखीचे नियम दिसले पाहिजेत. रेटिंग मिळालं.

मताचं गणित मात्र बघा, ते परीक्षेलाही येतं. आपल्या सहकारी सोसायटीत कसं, शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. या बँकांत तसं नाही, बहुतेक मतं शेअरच्या प्रमाणात. एआयआयबीत चीनकडे साधारण २६ टक्के, दुसऱ्या नंबरवर भारत साडेसात टक्क्यांच्या आसपास. मोठ्या निर्णयांना ७५ टक्के लागतात, म्हणजे चीन एकटा अडवू शकतो. ही युक्ती अमेरिकेचीच, आयएमएफमध्ये (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) त्यांचे साडेसोळा टक्के आणि महत्त्वाच्या ठरावाला ८५ टक्के लागतात. सोसायटीसारखी म्हणाल तर ती न्यू डेव्हलपमेंट बँक, संस्थापक पाचही देशांचे सुरुवातीला दहा-दहा अब्ज, सारखी मतं, नकाराधिकार कुणालाच नाही, पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. आणि सोसायटीत सगळे सारखे असले की जे होतं तेच तिथेही होतं, भांडण कमी आणि वेगही कमी.

वेगळेपणा अजिबात नाही असंही नाही. वर्ल्ड बँकेचं २५ जणांचं संचालक मंडळ वॉशिंग्टनमध्ये मुक्काम ठोकून असतं, एआयआयबीचे १२ संचालक आपापल्या देशात राहतात आणि बैठकीपुरते येतात, त्यामुळे खर्च वाचतो पण अध्यक्ष आणि ऑफिसच्या हातात जास्त ताकद राहते. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडाचे बॉब पिकार्ड, बँकेचे कम्युनिकेशनचे प्रमुख, राजीनामा देऊन तडक चीनबाहेर पडले आणि आत पक्षाच्या लोकांचं चालतं असा आरोप केला, बँकेने चौकशी करून तो फेटाळला, कॅनडाने संबंध गोठवले. मी आत नव्हतो, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. कर्जाच्या फायली मात्र बघितल्यात, त्या फार काही लाल नव्हत्या.

गलवान झालं १५ जून २०२० ला. १७ जूनला एआयआयबीने भारताला कोविडसाठी ७५ कोटी डॉलर मंजूर केले. महिनाअखेरीला टिकटॉकवर बंदी आली. ऑगस्टमध्ये वर सांगितलेला लोकलचा करार. आणि या बँकेचा सगळ्यात मोठा कर्जदार कोण? भारत. तुमच्या दुटप्पीपणाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं, उरलेलं पुढे.

आता खरी गंमत. चीनने परदेशात जे कर्ज वाटलं त्याच्यापुढे एआयआयबी म्हणजे किरकोळ. मोठा पैसा गेला चायना एक्झिम बँक आणि चायना डेव्हलपमेंट बँक या दोघींतून, दोन्ही १९९४ च्या, दोन्ही सरकारी, आणि हा सगळा व्यवहार देश-देशामधला, दोन सह्यांचा. इथे ना इन्स्पेक्शन पॅनेल ना वेबसाइटवर पुनर्वसन आराखडा.

पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या अर्थखात्यात (देशाचं नाव नको) मी कर्जनोंदीच्या कामावर होतो. एक्सेल शीट, शे-सव्वाशे ओळी, प्रत्येक कर्जाचा व्याजदर, मुदत, हप्त्याची तारीख, दंडव्याज, सगळे रकाने भरलेले. मधल्या काही ओळींत फक्त एकूण रक्कम आणि पुढे सगळीकडे "करारानुसार". मी विचारलं करार कुठाय, तर तिथले साहेब फार सज्जन माणूस, चहा मागवला, म्हणाले कपाट दुसऱ्या मजल्यावर आहे, किल्ली सचिवांकडे आहे आणि सचिव दौऱ्यावर आहेत. चार महिने मी तिथे होतो आणि चार महिने सचिव दौऱ्यावर होते. पुढच्या वर्षीचा हप्ता किती हे त्या खात्यातल्याच माणसाला ठामपणे सांगता येत नव्हतं, तर बजेट करणार कसं?

तसला एक करार पुढे केनियात उघड झाला, म्हणून त्याच्याबद्दल मोकळेपणाने लिहितो. मोंबासा-नैरोबी रेल्वे, एक्झिमची कर्जं २०१४ ची, गाडी सुरू झाली २०१७ ला. वर्षानुवर्षं लोक कोर्टात जात होते, २०२० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ही खरेदी कायद्याला धरून झाली नाही असंही म्हटलं, तरी करार बाहेर येईना. शेवटी नव्या सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये कागद प्रसिद्ध केले. १६० कोटी डॉलरचा एक भाग २ टक्के व्याजाचा, तेवढाच दुसरा लायबोर (लंडनच्या बँकांचा तेव्हाचा बाजारी व्याजदर) अधिक ३.६ टक्के. म्हणजे अर्धं सवलतीचं, अर्धं बाजारभावाचं, आणि बाहेर सांगताना सगळं मैत्रीचं. अटी गुप्त ठेवायच्या, कायदा चीनचा, भांडण झालं तर लवाद बीजिंगला. आता लगेच "बघा, फसवलं" म्हणू नका. सावकार स्वतःच्या गावातलं कोर्ट मागतोच, लंडनच्या बँका इंग्लंडचा कायदा मागतातच. खटकतं ते गुप्ततेचं कलम, कारण कर्ज फेडणार जनता आणि अटी तिलाच दाखवायच्या नाहीत.

युगांडाचंही तसंच. एंटेबी विमानतळाच्या २० कोटी डॉलरच्या कर्जापायी चीन विमानतळ ताब्यात घेणार अशी २०२१ ला जगभर बोंब झाली. पुढच्या वर्षी एडडेटा या अमेरिकन संशोधन संस्थेने मूळ करारच मिळवून छापला, त्यात विमानतळ तारण नव्हताच. होतं काय, तर विमानतळाची कमाई एका ठरावीक खात्यात जमा करायची आणि पहिला हक्क कर्जफेडीचा. आपल्याकडे उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापतात ना, तेच. शेतकऱ्याची जमीन कुणी नेत नाही, बिल हातात येण्याआधी कापलं जातं एवढंच, आणि मग घरात पैसे आले किती हे बायकोला आधी कळत नाही. याच मंडळींनी इतर तीन संस्थांबरोबर २०२१ मध्ये चीनचे २४ देशांसोबतचे १०० करार तपासले, त्यांत गुप्तता, अशी कमाईची खाती, आणि जवळपास तीन चतुर्थांशांत एक कलम असं की हे कर्ज पॅरिस क्लबच्या किंवा तशा सामूहिक तडजोडीत ओढायचं नाही.

हे शेवटचं कलम साधं दिसतं, पण जागतिक नियम इथे वाकलेत. ते समजायला पॅरिस क्लब कळला पाहिजे. १९५६ पासून श्रीमंत सावकार देशांची ही बैठक, कर्ज थकलेला देश आला की सगळे एकत्र बसतात, सगळ्यांनी सारखं सोसायचं, कुणी मागच्या दाराने आपलं वसूल करायचं नाही. चीन त्याचा सदस्य नाही, भारतही नाही. आधी त्याने बिघडत नव्हतं. पण सदस्य नसलेलाच सगळ्यात मोठा सावकार झाला तर बैठकीला अर्थ काय उरतो? म्हणून जी-२० ने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉमन फ्रेमवर्क आणलं, चीनला टेबलावर बसवायला. त्याच महिन्यात झांबियाने बाँडच्या, म्हणजे बाजारात रोखे विकून उचललेल्या कर्जाच्या, व्याजाचे सव्वाचार कोटी डॉलर थकवले, आणि पुढचं सगळं नाटक झांबियाच्या अंगावर झालं.

गावाकडच्या माणसाला हे लगेच कळेल. कर्ज थकलं की दोन वाटा, कर्जमाफी किंवा नवं-जुनं. माफीत मुद्दल कापतात. नवं-जुनंमध्ये ३१ मार्चच्या आत जुनं भरल्यासारखं दाखवून नवं उचलायचं, आकडा तसाच, तारीख पुढे, सचिवाच्या वहीत थकबाकी शून्य. पॅरिस क्लब आधी नवं-जुनंच करायचा, पण पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवानंतर, विशेषतः १९९६ नंतर गरीब देशांसाठी माफीवर आला. चिनी बँका अजून नवं-जुनंवाल्या. मुद्दल कापायचं म्हणजे कुणीतरी फाइलवर लिहायचं की हे कर्ज देणं चुकलं, आणि बीजिंगमधल्या बँकेच्या अधिकाऱ्याला ते लिहिण्यात स्वतःची नोकरी दिसते. आपल्या जिल्हा बँकेतल्या अधिकाऱ्यालाही दिसते, यात चिनी असं काही नाही.

झांबियाच्या सावकार देशांच्या समितीचे सहअध्यक्ष चीन आणि फ्रान्स. आता चीन म्हणजे कोण, यावरच वर्ष गेलं. एक्झिम सरकारी धरायची, डेव्हलपमेंट बँक म्हणते आम्ही व्यापारी, आणि सिनोशुअर नावाच्या सरकारी विमा कंपनीने ज्या कर्जांना हमी दिली ती कुठल्या खात्यात? शेवटी ती व्यापारी खात्यात गेली आणि सरकारी कर्जाचा आकडा आठ अब्जांवरून ६.३ अब्जांवर आला. त्यात चार अब्जांहून जास्त एकट्या चायना एक्झिमचे. जून २०२३ मध्ये पॅरिसला समझोता झाला, मुदत २०४३ पर्यंत, २०३७ पर्यंत व्याज १ टक्का, मुद्दलाला हात नाही. बघा, टेबल पॅरिसमध्ये होतं पण पद्धत बीजिंगची चालली. मग खासगी बाँडवाल्यांशी झालेला सौदा सरकारी समितीने नोव्हेंबरात नाकारला, का तर त्यांनी पुरेसं सोसलं नाही, तो परत झाला आणि बाँडचं प्रकरण मिटलं जून २०२४ ला. साडेतीन वर्षं. तोवर देशाला बाहेरून नवा पैसा जवळपास बंद, हॉस्पिटलची औषधं आणि शिक्षकांची भरती कशातून होणार?

या सगळ्यात चीनचा एक मुद्दा होता तो मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. ते म्हणत होते सगळ्यांनी सोसायचं तर वर्ल्ड बँक का नाही? उत्तर असं देतात की या बँकांचं कर्ज आधी फेडलं जातं म्हणूनच त्यांना स्वस्त पैसा मिळतो आणि त्या गरिबांना स्वस्तात देतात. बरोबर आहे. पण ज्या बँकेच्या कारभारात आपल्याला हवा तेवढा शब्द नाही, तिच्यासाठी आपण जास्त का सोसायचं, हेही माणसासारखंच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताच्या जी-२० अध्यक्षपदात बेंगळुरूला कर्जावरची राउंडटेबल बसली, एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला तोडगा निघाला की बँका मुद्दल सोडणार नाहीत पण अशा देशांना नवा सवलतीचा पैसा आणि अनुदान वाढवतील. बातम्यांत हे दोन इंच आलं. माझ्या मते त्या वर्षीच्या जी-२० मधलं हेच खरं काम, दिल्लीच्या रोषणाईपेक्षा.

शब्द नाही म्हणजे काय तेही सांगतो. आयएमएफमध्ये चीनचा वाटा वाढवायचं ठरलं २०१० ला, अमेरिकेच्या काँग्रेसने पाच वर्षं ते दाबून ठेवलं, लागू झालं जानेवारी २०१६ ला, बरोबर त्याच महिन्यात एआयआयबी उघडली. वाढूनही चीनची मतं ६.०८ टक्के आणि जपानची ६.१४, अर्थव्यवस्था जपानच्या चौपट असून. भारत २.६३. डिसेंबर २०२३ ला परत कोटा, म्हणजे ज्यावर मतं ठरतात तो वाटा, वाढवायचं ठरलं, पण सगळ्यांचा सारखाच ५० टक्के, म्हणजे वाटे जिथल्या तिथे. वर्ल्ड बँकेचा अध्यक्ष अमेरिकेचा माणूस, आयएमएफचा युरोपचा, हे कुठे लिहिलेलं नाही तरी चालूच आहे. अजय बंगा पुण्यात खडकीला जन्मले याचा आपल्याला आनंद, पण त्या खुर्चीवर ते अमेरिकेचे उमेदवार म्हणून बसलेत.

श्रीलंकेबद्दल विचारलं नाहीत पण कुणीतरी कमेंटमध्ये तिथलं हंबनटोटा बंदर काढणारच, म्हणून आधीच. २०१७ ला बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेलं, १.१२ अब्ज डॉलर आले, हे खरं. त्या पैशाने बंदराचं कर्ज फिटलं हे खोटं, तो पैसा परकीय गंगाजळी भरायला गेला आणि बंदराचं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. २०२२ ला देश बुडाला त्यात मोठा हात महागड्या आंतरराष्ट्रीय बाँडचा आणि घरच्या धोरणांचा. तिथे भारताने मात्र चांगली चाल खेळली, जानेवारी २०२३ मध्ये कर्जपुनर्रचनेची लेखी हमी आयएमएफला सगळ्यात आधी आपण दिली, मग जपान आणि फ्रान्सबरोबर समितीचं सहअध्यक्षपद घेतलं. चीन समितीबाहेर राहिला, ऑक्टोबरात स्वतःचा वेगळा सौदा ४.२ अब्जांचा करून मोकळा झाला, समितीचं तत्त्वतः ठरलं ते नोव्हेंबरात. एकाच कर्जदाराकडे दोन सावकार दोन दारांनी जाऊन बसले.

आता दुटप्पीपणाचं उरलेलं उत्तर. बेल्ट अँड रोडला भारताचा जाहीर आक्षेप असा की त्यातला चीन-पाकिस्तान कॉरिडॉर पाकव्याप्त काश्मीरमधून जातो, म्हणून २०१७ च्या मे महिन्यातल्या बीजिंगच्या परिषदेला आपण गेलो नाही. पण ते बाजूला ठेवलं तरी फरक आहेच. एआयआयबीत आपली मतं आहेत, संचालक आहे, कागद बाहेर येतात. दोन सह्यांच्या करारात समोरच्याचा कायदा आणि समोरचं कपाट. म्हणून एकात बसणं आणि दुसऱ्याला नको म्हणणं यात मला तरी विसंगती दिसत नाही.

विसंगती दुसरीकडे आहे. आपली एक्झिम बँक साठहून जास्त देशांना लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, देते, आणि त्यात साधारण नियम असा की ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. चायना एक्झिमच्या सवलतीच्या कर्जात हाच आकडा किमान ५०. आफ्रिकेत माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाई मला हसून म्हणायच्या, तुम्ही दोघे भाऊच, एक मोठा एक छोटा. आणि आपले ते करार तरी सगळे वेबसाइटवर आहेत का? रक्कम, देश, प्रोजेक्ट एवढं मिळतं. अटींचा पूर्ण कागद शोधून बघा. मुलाखतीत हे बोललात तर पॅनेलवरचे एखादे निवृत्त साहेब भुवया उंचावतील, उंचावू दे.

बाकी आत्ता काय चाललंय ते भराभर सांगतो. चीनचं आफ्रिकेतलं कर्ज २०१६ ला शिखरावर होतं, आता त्याच्या मानाने खूपच आटलंय, भर छोट्या प्रकल्पांवर. अमेरिकेची परदेशी मदत वाटणारी संस्था यूएसएआयडी जुलै २०२५ ला अधिकृतपणे बंद पडली, ती जागा चीन भरून काढेल असं सगळे लिहितात, मला शंका आहे, कारण एचआयव्हीच्या गोळ्या वर्षानुवर्षं फुकट वाटणं हा कर्ज देणाऱ्या बँकांचा धंदाच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटना) यापुढे विकसनशील देशाच्या नव्या सवलती मागणार नाही असं जाहीर केलं, त्याचा गाजावाजा झाला. त्याच सुमाराला, ऑक्टोबरात, केनियाने रेल्वेची तीन डॉलरमधली कर्जं युआनमध्ये बदलून घेतली, व्याज बरंच उतरलं, याचा झाला नाही. माझ्या हिशोबाने मोठी बातमी केनियाची होती.

वाचायचं काय म्हणाल तर पुस्तकं नंतर. एआयआयबीच्या साइटवर मुंबईच्या लोकलच्या प्रोजेक्टची पुनर्वसनाची कागदं आहेत ती काढा, शेजारी केनियाचा तो रेल्वेचा करार उघडा, आणि दोन्हींत एकच गोष्ट शोधा, की घर जाणाऱ्या माणसाने तक्रार कुठे करायची. पहिल्यात पत्ता सापडेल, तिथे गेल्यावर न्याय मिळतो का हा वेगळा विषय. दुसऱ्यात पत्ता आहे तो बीजिंगच्या लवादाचा, आणि तोही फक्त ज्या दोघांनी सही केली त्यांच्यासाठी. काही अडलं तर खाली विचारा, रविवारी सवडीने बघतो.